ओक विकणाऱ्या वहिनी

आमच्या कारखान्यात लाकडी तुळया बनतात. अखंड ओंडक्याच्या नाहीत, तर फळ्या रंध्यानं तासून, एकीवर एक चिकटवून, यंत्रात दाबून केलेल्या. अशी तुळई मोठ्या सभागृहाचं छप्परसुद्धा मधल्या खांबाशिवाय पेलते. मी चिकटवण्याच्या विभागात. रंध्याच्या यंत्रावर मिस्त्री होते, आणि पुढच्या दालनात गिऱ्हाइकांना माल दाखवायला त्यांची बायको. तिला मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे वहिनीच म्हणायचे.

वहिनींची जीभ गोड, पण गोड बोलून गळ्यात मारणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आधी आम्ही नुसतं पाइन वापरायचो. हलकं लाकूड, झटकन चिकटणारं, वजनाच्या मानानं ताकद भरपूर. पण रंग फिका आणि गाठीच गाठी. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, म्हणायचं, हे तर खोक्याचं लाकूड दिसतंय. मग मालकांनी ओक आणला. ओक जड, रंधायला कडक, चिकटायला नखरेल. साध्या घराच्या छपराला पाइन पुरतं, हे वहिनी प्रत्येकाला सांगायच्या. तरी दोन तुकडे शेजारी ठेवले की माणसाचा हात आपसूक ओकवरून फिरायचा. पुढं पुढं वहिनीही आधी ओकच पुढं करायला लागल्या. गिऱ्हाइकाला जे हवंय ते द्यायचं, त्यात वावगं काय? माल हातोहात खपायचा आणि मिस्त्री बायकोचं कौतुक करत फिरायचे.

पाइनचा भुसा जाडसर, तो खाली पडायचा. ओकची धूळ मात्र पिठासारखी, हवेत तरंगत राहायची. धूळ ओढून घेणारे पाइप बसवू, असं मालक म्हणत आले होते. तोवर मिस्त्री तोंडाला फडकं बांधायचे, आणि गप्पा मारायला तेही खाली ओढायचे.

मग त्यांची एक नाकपुडी चोंदली. सर्दी म्हणून वाफारे झाले, थेंब झाले. रक्त यायला लागलं तेव्हा उष्णता वाढली असेल म्हणाले. गाल सुजला तेव्हा वहिनी त्यांना जबरदस्तीनं इस्पितळात घेऊन गेल्या. नाकाच्या आत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, काम कसलं करता, कुठल्या लाकडात? मिस्त्रींना बोलताना धाप लागायची, म्हणून उत्तर वहिनींनी दिलं. डॉक्टर म्हणाले, एका माणसाबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ओकसारख्या लाकडाची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की हा रोग होऊ शकतो.

घरी परतताना मिस्त्री म्हणाले, "जन्मभर नाकासमोर चाललो, आणि शेवटी नाकानंच दगा दिला."

वहिनी हसल्या नाहीत. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

शस्त्रक्रियेत मिस्त्रींचा अर्धा गाल गेला. त्यानंतर ते कुणाला भेटेनात. मी दारावर गेलो तर आतून आवाज आला, उद्या ये. असे बरेच उद्या गेले आणि एका सकाळी ते वारले.

लेक म्हणाली, आई, आता त्या कारखान्याचं तोंडही बघू नकोस. वहिनी मात्र परत आल्या. पहिल्याच दिवशी मालकांकडे गेल्या आणि पाइपांचं काय झालं ते विचारलं. मालक माणूस वाईट नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, बसवणार, नक्की बसवणार. आणि विषय तिथंच राहिला.

मग वहिनींनी नवीनच सुरू केलं. गिऱ्हाइकाला ओक पसंत पडला की त्या म्हणायच्या, चला, तुमची तुळई कशी बनते ते दाखवते. आणि थेट रंध्याच्या विभागात आणून उभं करायच्या. चांगल्या कपड्यांतली माणसं खोकत, डोळे चोळत बाहेर पडायची. काहीजण पुन्हा फिरकलेच नाहीत. एकदा एक बाई कडेवरचं बाळ पदराआड घेऊन पळाली, तेव्हा मालक आमच्यासमोरच वहिनींपाशी आले.

"वहिनी, गिऱ्हाईक आत आणू नका. धंदा बसेल."

"बसू दे. ह्यांचा श्वास बसला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

वहिनींना काढून टाकणं मालकांच्या हातात होतं, पण वहिनींइतका माल कुणी विकत नव्हतं. थोड्याच दिवसांत छताखाली जाडजूड पाइप आले. रंध्याभोवतीची हवा इतकी स्वच्छ झाली की समोरच्या भिंतीचा रंग आम्हाला पहिल्यांदा कळला. वहिनी आत आल्या, यंत्राजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि दालनात निघून गेल्या. तिथं कुणीतरी तुकड्यांवरून हात फिरवत होतं. पाइन पुरेल असं वहिनींनी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ओकच घेतला.

पण आम्हा जुन्यांच्या नाकात आधीच काय जाऊन बसलंय, ते पाइपांना काय माहीत! म्हणून वहिनी आम्हाला दरवर्षी नाक तपासायला धरून नेतात. यायला कुणी कुरकुर केली तर त्याच्या बायकोला निरोप जातो. यंदा मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा त्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सध्या तरी काही नाही म्हणाले, असं मी सांगितलं.

त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि पुढच्याला आत पाठवलं.