चर्चच्या भिंतीतली भोकं

दिनूकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला, वेअरहाउसच्या गेटवर कामगार युनियनची पत्रकं वाटत होतो. उरलेली कुणाच्या हातात दिली, आठवत नाही... महिना झाला. त्यांनी मागितलेली एक दुरुस्ती त्यांच्या हयातीत छापायची राहिली, ती इथे करतो आहे.

काका बाबांचे मित्र, जवळच्याच मिल्टनचे निवृत्त इंजिनियर. त्यांचा शेजारी इटलीचा गवंडी. त्याच्यासोबत ते एकदा त्याच्या गावी गेले आणि तिथल्या सात-आठशे वर्षांच्या चर्चने त्यांना वेडच लावलं. मग दर उन्हाळ्यात मोजमापाची टेप घेऊन तिकडे. नदीतल्या गोट्यांच्या जाड भिंती, बुटक्या अर्धगोल कमानी आणि कितीतरी पिढ्यांनंतर दर्शनी बाजूला चढवलेला संगमरवर. त्यावर जमीनदाराचं नाव कोरलेलं. "चल एकदा," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "देवाच्या घरी माझं काय काम?" "अरे, देवाला कोण भेटतंय? भिंत बघ!"

गेल्या वर्षी आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांच्या फोटोंवरून मी लेख लिहिला. मागच्या भिंतीत ओळीने भोकं दिसत होती. मी ठोकून दिलं : ही फॅसिस्टांच्या गोळ्यांची भोकं, इथे शेतमजुरांना उभं करून मारलं. कुणालाही विचारलं नाही. मला ते तसंच हवं होतं. अंक पोचल्यावर काकांचा फोन. "गोळ्या इतक्या शिस्तीत लागतात होय रे? स्कॅफोल्डिंगची भोकं आहेत ती, आपली परांची! वासे खुपसायचे, त्यावर उभं राहून भिंत चढवायची. पुढे डागडुजीला लागतील म्हणून बुजवत नसत." मग आवाज उतरला. "फोटोंखाली माझं नाव आहे. त्या गावात मला तोंड दाखवायचंय. करेक्शन छाप."

"काका, तपशील चुकला असेल, मुद्दा खरा आहे."

"बरं," ते म्हणाले. यंदाच्या उन्हाळ्यात ते इटलीला गेलेच नाहीत.

तर, त्या भिंतीसमोर कुणाला मारल्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. मी खोटं लिहिलं. ज्या मजुरांच्या नावाने मी ओरडत होतो, त्यांच्या हातांची खूण त्या भोकांत होती, आणि मी तीच पुसली.

परवा काकूंनी मला बेसमेंटमध्ये नेलं. टेबलावर त्या भिंतीचं मोठं ड्रॉइंग. भोकाभोकात वासा, वाशांवर फळ्या, फळ्यांवर पेन्सिलीने काढलेली माणसं. कुणी दगड वर देतोय, कुणी वाकून घेतोय. "तुझ्यासाठी काढत होते," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, त्याला सांगून पटत नाही, दाखवायला हवं."

भोकांच्या वरच्या तीन रांगा कोऱ्या आहेत.