मालकाच्या हातचे गचके

गॅरेजवाल्या आप्पांना आपल्या कानांचा भारी अभिमान. बॉनेट न उघडता ते इंजिनाचं दुखणं सांगायचे. पण शेजारच्या काकांच्या जुन्या गाडीने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. काकांच्या हातात ती गचके द्यायची आणि आप्पांकडे आली की शहाण्या लेकरासारखी चालायची. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर धुतला, तरी रडगाणं कायम.

शेवटी आप्पा वैतागून काकांच्या बाजूला बसले. "चालवा तुम्हीच!" मागे काकू होत्याच. पहिल्याच खड्ड्याला इंजिन अडखळलं आणि आप्पांची नजर चावीवर गेली. तिला घरातल्या यच्चयावत कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता. गॅरेजात गाडी देताना मात्र काका, कुणाचा भरवसा नाही म्हणून, गाडीची चावी तेवढी सोडवून द्यायचे!

"अहो, हे झुंबर हललं की आतल्या स्विचचा करंट तुटतो," आप्पा कडाडले. "काढा ते आधी!"

काकांनी गाडी थांबवून जुडगा सोडवला. तो ठेवावा कुठे, या विचारात असतानाच मागून एक हात पुढे आला.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मागतेय, माझं ऐकलं नाहीत. आता गाडीचं तरी ऐका."