लाल फडकं वर चढेपर्यंत

अन्याय झाला तो किसन होडीवाल्यावर, त्याची बायको सुभद्रा हिच्यावर, अंथरुणाला खिळलेल्या चंद्रभागाकाकूवर आणि येलदरीच्या जलाशयातल्या बेटावर राहणाऱ्या आमच्या सातही घरांवर. झाला शहाऐंशी साली, धुळवडीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दिवस कासराभर वर आला असताना. होडीत पाय ठेवताना आम्हाला तो अन्याय वाटलाच नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. आम्हाला वाटलं, पावसाळ्यापर्यंत काठावर जातोय.

किसन होडीवाला माझा बाप. होडीत भांडी होती, वाकळा होत्या, दोन शेळ्या होत्या आणि वाकळेत गुंडाळलेली काकू होती. मायनं चुलीवर टोपलं पालथं घातलं, पाऊस गळून चूल वाहून जाऊ नये म्हणून. दाराला सुतळी बांधली. कुलूप आमच्या बेटावर कुणाकडंच नव्हतं. बापानं मला हाक मारली, "कमे, फडकं उतरीव. झिरा दमलाय."

मी उतरवलं.

हे फडकं काय, झिरा काय, ते सांगते. औरंगाबादेत भाषणात सांगायला गेले की पुढारी घड्याळ बघतात, म्हणून इथं नीट लिहिते.

धरण भरलं तेव्हा खालचं गाव बुडालं. ज्यांची जमीन होती त्यांना कागद मिळाला. गावकुसाबाहेरच्या आमच्या माणसांकडं जमीनच नव्हती, म्हणजे सरकारच्या लेखी आमचं काही बुडालंच नव्हतं. ती माणसं टेकडीवर चढली. पाणी भोवती आलं, टेकडीचं बेट झालं, आणि माझा बाप मासे धरायला शिकला. नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात वस्त्या जळाल्या तेव्हा आमची वस्ती जळाली नाही. जाळायला यायला होडी लागली असती, आणि होडी बापाची होती.

चोहीकडं पाणी, पण उन्हाळ्यात काठाला नुसता चिखल आणि शेवाळ. म्हणून बेटाच्या उगवतीला वाळूत खड्डा खणायचा. वाळूतून गाळून आलेलं पाणी त्यात थेंबाथेंबानं साठतं. तोच झिरा. उगवतीच्या अंगाला कुणी परसाकडं जायचं नाही, शेळी सोडायची नाही, धुणं धुवायचं नाही. झिरा भरला की मी बांबूवर लाल फडकं चढवायची. ते फडकं पलीकडच्या काठावरून दिसायचं. ते दिसलं की बाप माणसं होडीत घ्यायचा. नाही दिसलं तर नाही. झिऱ्यात जेवढं पाणी, तेवढीच माणसं बेटावर.

माणसं यायची. माथ्यावर महादेवाचं ठाण आहे, तिथं सोमवारी शिवभक्त यायचे. नंतर जिंतूरचे मास्तर, परभणीचे साहेब, त्यांच्या बायकामुलांसकट डबे घेऊन यायला लागले. मानवतचे एक कापसाचे शेठ तर बापाशी भांडायला म्हणूनच यायचे. काठावर बसून ओरडायचे, "किसना, तुझा झिरा म्हंजी तहसील कचेरी झाली रे! किती वखत बसवून ठिवायलास!"

बाप म्हणायचा, "कचेरीत सायब येत न्हाई शेठ, हितं पानी येतंय. बसा."

शेठ बसायचे. बेटावर आले की आमच्याच तांब्यानं पाणी प्यायचे. खालच्या गावात ज्यांच्या आडाला आमची सावली चालत नव्हती, त्यांच्यासारख्यांनाच आम्ही आमच्या झिऱ्याचं पाणी पाजलं. त्यात माझ्या मायला जी ऐट होती ती तिच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी दिसली नाही.

मग बेटावर सहली नेण्याचा सरकारी ठेका आला. ठेकेदाराचं नाव मी लिहीत नाही. तो गेला तर दुसरा येईल, तोही तसाच. त्यानं इंजिनाची लाँच आणली आणि माथ्यावर खोल्या बांधल्या. आधी खोल्या, संडास मागून. मागून म्हणजे कधी, ते विचारायचं नाही. लाँचला फडकं दिसत नव्हतं असं नाही, तिला त्याची गरज नव्हती. इतवारी सहली, लगीनसराईत वऱ्हाडं, मुक्कामाला साहेबांचे साहेब. मी फडकं खाली ठेवलेलं असताना लाँच समोरून भरून यायची आणि त्यातली पोरं मला हात हलवायची. बाया-माणसं आडोसा शोधत निघायची. आडोसा होता उगवतीला, तरवडाच्या झुडपांत, झिऱ्याच्या अगदी वर.

झिरा आधी उशिरा भरायला लागला, मग गढूळ झाला, मग त्याला वास यायला लागला. चंद्रभागाकाकू उलट्या-जुलाबांनी पडली. तिला जिंतूरच्या दवाखान्यात नेऊन आणली. वाचली, पण चालती झाली नाही. ठेकेदाराचा माणूस पाहुण्यांना सांगायचा, "इथलं पाणी पिऊ नका, वस्तीच्या लोकांनी घाण केलंय." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या पाहुण्यांत एकानंही खाली वळून बघितलं नाही की वस्ती कुठंय आणि घाण कुठंय.

बाप ठेकेदाराकडं गेला. मी बरोबर होते. बाप एवढंच म्हणाला, "चार इतवार लाँच बंद ठिवा मालक. झिरा सावरंल."

ठेकेदार हसला. "इतवारी बंद ठिवायला ही काय शाळा हाय का, किसन?"

त्या दिवशी घरी मोठं भांडण झालं. माय म्हणाली, "माणसं कमी करायचीत ना? मंग पावने उतरू द्या की. आपन कशापाई उतरायचं?"

बाप म्हणाला, "पावन्याला उतर म्हनायला व्हडी आपल्या हाती ऱ्हाईली न्हाई, सुभद्रे. आपल्या हाती आपनच हावोत."

ही आमची चूक. जगात दुसऱ्या कुणी केली नसती. झिरा भरेना तर माणसं कमी करायची हा आमचाच नियम, तो दुसरे पाळेनात, म्हणून आम्ही पाळला. सातही घरं उतरली. धरणाच्या पायथ्याला पत्र्याच्या शेडात पाच महिने काढले.

पोळ्याच्या आधी पाणी वाढलं. बाप होडी घेऊन निघाला, आम्ही सगळे मागं. धक्क्यावर लाँचवाल्या पोरानं हात आडवा केला. "तिकीट काढा."

मायला वाटलं थट्टा आहे. ती म्हणाली, "आरं बाबा, आमचं घर हाय तिथं. चुलीवर टोपलं घालून आलेय मी."

"घर कुठलं मावशी? तुमी सोखुशीनं गेलात की. सायबानं तसंच लिवून ठिवलंय."

बापाच्या होडीला परवाना नाही म्हणून ती किनाऱ्यालाच अडकवली. पलीकडं आमचा बांबू दिसत होता. त्याच्यावर पाटी होती, 'आपले स्वागत आहे'.

त्यानंतर आम्ही पांगलो. काकू पालमला लेकीकडं गेली. दोन घरं मानवतला जिनिंगवर. मी औरंगाबादला आले. कॉलेज केलं, मोर्चे केले, सायक्लोस्टाईलच्या शाईनं बोटं काळी केली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी लाठी खाल्ली, पुन्हा खाईन. पण इथं मला स्वस्थता नाही. रूमवर कुणाचे पाहुणे आले की माझी नजर आधी माठाकडं जाते. मोर्च्याला एक टँकर आला की मी विचारते, परत कधी भरणार? सोबतचे म्हणतात, "कमलताई, तुम्ही मोर्च्याला आलात की पाणी भरायला?" हसा. नळ सोडला की पाणी येतं, पण ते कुठून येतं आणि कुणाचं काढून येतं हे विचारल्याशिवाय मला तांब्या तोंडाला लावता येत नाही. मायला इथं आणलं होतं. चार दिवसांत म्हणाली, "हितं सगळं हाय कमे, पर कुनी थांबत न्हाई." आणि परत गेली.

हे सगळं आज लिहायला कारण आमचाच बाबूराव. माझा चुलतभाऊ. पुण्याला कारखान्यात लागला, चांगलं झालं. दिवाळीत पोरांना घेऊन लाँचमधून बेटावर गेला, तिकीट काढून, आणि येताना मला भेटला. "ताई, आपलं बेट लय सुधारलंय," म्हणाला. झिरा बुजवलाय. पिण्याचं पाणी लाँचमधून पिंपांनी येतं, म्हणजे आता लाँचला माणसांपेक्षा पिंपंच जास्त न्यावी लागतात. तरी आणखी खोल्यांचे पाये खणलेत. मी विचारलं, "आपल्या घराशी गेलास?" म्हणाला, "तिथं लाँच धुतात ना, इंजिनाचं तेल असतंय, पाय भरतात."

बाबूराव, पाय भरू द्यायचे होतेस.

पाहुणे येऊ नयेत असं मी म्हणत नाही. आमच्याइतकी पाहुण्यांची हौस कुणाला नव्हती. पण बेट फुगत नाही. खोल्या वाढवता येतात, वाळूतून येणारा थेंब वाढवता येत नाही. हे कळायला आम्हाला साहेब लागला नाही, अभ्यास लागला नाही. एक फडकं पुरलं. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर पूर्वी मी चूल सांगितली असती. आता सांगते, जिथं आपण 'थांबा' म्हटल्यावर शेठसुद्धा थांबतो, ते घर. माझा बाप अजून पायथ्याशी राहतो आणि लाँचकडं पाठ करून बसतो. त्याला तेवढं घर परत पाहिजे.

म्हणून वाचणाऱ्या, तुझ्याकडं मागणं आहे, विनंती नव्हे. पुढच्या इतवारी येलदरीला जाशील तेव्हा लाँचमध्ये पाय ठेवू नकोस. धक्क्यावर बस. लेकरांनाही बसव. तिकीटवाल्यानं विचारलं तर सांग, फडकं दिसत नाही. तो म्हणेल, कसलं फडकं? त्याला सांग, जी सात घरं उतरवलीत ती चढव, ती झिरा पुन्हा खणतील, आणि भरला की त्यांच्यातलं कुणीतरी चढवील ते. तोवर उठू नकोस. मानवतचे शेठ बसायचे. तूही बस.