खायचं की भाजायचं

"केक के वास्ते ये लालवाला ले लो, एकदम फर्स्ट क्लास."

शारजातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या सुपरमार्केटमध्ये सफरचंदांपाशी आंटी एका अनोळखी बाईला सांगत होत्या. मी बास्केट धरून मागे उभी होते. केकला लाल? आणि हे आंटी सांगतायत?

आंटी म्हणजे आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या वसईच्या. मी लहान असल्यापासून त्या सफरचंद आधी नाकाशी धरायच्या, मग नखाने टिचकी मारून कान लावायच्या आणि मला विचारायच्या, "खायचं की भाजायचं?" गाला जातीचं खायला. फुजीही खायला, पण फ्रिजमधून गार काढून. भाजायला मात्र हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथच. ओव्हनमध्येही त्याची फोड मोडत नाही. "लाल भाजलं की पेज होते, बाय. नुसतं दिसायला."

माणसांचीही त्या अशीच वाटणी करायच्या. त्यांचा मुलगा मेल्विन म्हणे खायच्यातला. "आणि तू भाजायची. आंबट तोंड करून गप्प बसतेस. जरा तापलीस की बघ!" मी इंग्रजीत "ओके, आंटी" म्हणायचे आणि सालं काढत राहायचे. आई-बाबा ऑफिसातून येईपर्यंत मी त्यांच्याच स्वयंपाकघरात असायचे. मला बोलायला न लावणारं ते एकच घर होतं.

मागच्या महिन्यात कॉरिडॉरमध्ये गॅसचा वास आला. आंटींचं दार उघडंच होतं. ओव्हनचं बटण पूर्ण फिरवलेलं, आत ज्योत नाही. त्या काडेपेटी हातात घेऊन उभ्या होत्या, ती कशाला घेतली ते आठवत. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मेल्विनला सांगू नकोस हां. तो मला वसईला पाठवेल. त्या बंद घरात एकटी काय करू मी?"

मी मान डोलावली. तेव्हापासून दुबईतल्या माझ्या ऑफिसातून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकले की ती काडेपेटी डोळ्यांसमोर येते. लिफ्टचं दार उघडलं की मी आधी वास घेते. एखाद्या वेळी कोणीही विसरतं, असं स्वतःला सांगत होते.

आणि आज त्यांनी स्वतःच्या पिशवीतही लालच भरली. "उद्या मेल्विनचा बर्थडे ना, केक करते."

मी हळूच विचारलं, "आंटी, खायचं की भाजायचं?"

त्या पिशवीला गाठ मारत होत्या. "म्हणजे काय गं?"

संध्याकाळी लिफ्टपाशी मेल्विन भेटला. टाय सैल, खांद्याला लॅपटॉप. "हाय, ऑल गुड?" तो रोज विचारतो. मी रोज "ऑल गुड" म्हणते. लिफ्ट आली. तो आत शिरला, मी बाहेरच राहिले. दार मिटायला लागलं, तेव्हा मी त्यात हात घातला.

"मेल्विनदादा, आंटींनी उद्याच्या केकसाठी लाल सफरचंदं घेतलीत."

त्याच घरात वाढलेला तो. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी लिफ्टचं दार धरूनच ठेवलं.

"गॅसचंही सांगायचंय. पण आधी शब्द दे, त्यांना एकटीला वसईला पाठवणार नाहीस."