स्टोअररूममधला हॅलिबट

दर उन्हाळ्यात माझा नवरा ऑफिसमधल्या चार मित्रांबरोबर नॉर्वेला मासे धरायला जातो. समुद्रकाठचा लाकडी लॉज, सकाळी उठून बोट, गळाला सॅमन, नशीब असेल तर भलामोठा, चपटा हॅलिबट. त्याची निम्मी रजा तिथे जाते. उरलेली भारतात, त्याच्या आईकडे आणि माझ्या आईकडे. आम्हा दोघांचा असा उन्हाळा उरतच नाही.

"मलाही ने ना एकदा," यंदा मी पुन्हा म्हटलं.

"अगं, पाच बाप्ये आणि बाथरूम एक!"

"मग दुसरा लॉज बघ."

"बघू पुढच्या वर्षी."

मी मालवणची. लहानपणी खडकावर बसून गरवलंय मी. गळ कसा टाकायचा हे मला कुणी शिकवायला नको. पण ते बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही. मी आत साठवत राहते.

तो परतला तो थर्मोकोलचा मोठा खोका घेऊन. इथे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळाशी प्रत्येकाची स्टोअररूम आहे. आमच्या सायकली आणि जादाचा फ्रीझर तिथे असतो. पाकिटं त्यात गेली.

"सगळ्यात वरचं तुझ्यासाठी आहे. बघ तरी."

"मासाच ना? रविवारी तळायचाच आहे."

रविवारी त्याने आठ जणांना जेवायला बोलावलं होतं. मी तव्याशी उभी राहणार आणि तो हात फाकवून हॅलिबट केवढा होता ते दाखवणार. दर वर्षीचंच.

गुरुवारी सायकल ठेवायला खाली गेले आणि फ्रीझरचा प्लग ओढला. रागाच्या भरात, असं म्हणून सुटता येणार नाही. शुक्रवारी सायकल काढतानाही प्लग लोंबताना दिसला. तसाच ठेवला. शनिवारी संध्याकाळी गुपचूप परत लावला.

रविवारी सकाळी त्याने झाकण उघडलं आणि मला हाक मारली. वास मला जिन्यातच आला होता.

"लाइट गेली असणार मधे," एकेक पाकीट दाबून बघत तो म्हणाला. "बंद पडला की वाजणारा, अलार्मवाला फ्रीझर घ्यायला हवा होता. माझीच कंजुषी. सॉरी गं, तुझंही गेलं."

वरचं पाकीट त्याने उघडून दाखवलं. सॅमनची दोन डोकी.

"तिथे डोकी समुद्रात फेकतात. मी मागून घेतली तर सगळे हसले. तूच म्हणतेस ना, इथे सारासाठी डोकं मिळत नाही."

मी "हं" म्हटलं आणि कचऱ्याची पिशवी धरली.

दुपारी पाहुण्यांना अंड्याची आमटी वाढली. तो हॅलिबटची गोष्ट सांगायला लागला, हात फाकवले.

"हॅलिबट होता तरी का रे?" एक मित्र म्हणाला. "की वहिनींनी अंडी उकडल्यावर सुचला?"

सगळे हसले. तोही हसला, पण हात खाली घेऊन मांडीवर ठेवले. बोलायची वेळ तीच होती. मी भात वाढत राहिले.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वर्षी नाहीच जात." मला हवा होता तो दोघांचा उन्हाळा मिळाला, आणि मी उरलेली आमटी डब्यात भरली.

लाइट गेली नव्हती. हे लिहून झालं की त्याला वाचून दाखवणार आहे. तो बाहेर सोफ्यावर बसून अलार्मवाला फ्रीझर शोधतोय.