वालाचा नट

मुकुंदवाडीच्या वळणावरचा पंक्चरवाला माणसाकडं नाही, चाकाकडं बघून बोलतो. बोटावर थुंकी घेऊन ट्यूबच्या वालाला लावतो आणि बुडबुडा येतो का ते बघत बसतो.

परवा कारखान्याबाहेर लावलेल्या माझ्या सायकलची हवा पुन्हा गेली. ढकलत त्याच्याकडं नेली. वाल चाचपून तो हळूच म्हणाला, "ताई, हवा गेली नाय, सोडलीय. नट कुणीतरी हातानं ढिला केलाय."

मग एकदम मोठ्यानं, "लई मोठं पंक्चर हाय. बसा!"

चांगली ट्यूब बाहेर ओढून तो उगाच कानस घासत राहिला, धडधाकट जागी ठिगळही लावलं.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर करून रस्त्यापलीकडं पाहिलं. "जावा आता. गेला."

"कोण?"

तो पुन्हा चाकाकडं बघायला लागला. "रोज तुमच्या मागं येतो, तो."