परवान्यावरचं नाव

आमच्या वन्सं कुणाच्या घरी भिशीला गेल्या तरी आधी त्या घरातला औषधांचा डबा मागत. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी डबा. कपाळावरचा चष्मा खाली ओढून एकेक बाटली उजेडात धरायच्या आणि तारीख उलटलेली औषधं घरच्या बाईला न विचारता पिशवीत भरायच्या. "ही कचऱ्यात टाकायची नसतात. दुकानात परत द्यायची असतात," एवढंच सांगायच्या. सिडनीत आमच्या पेंडल हिल भागातल्या बायका त्यांना बोलावणं केलं की डबे लपवून ठेवत. मीही एकदा लपवला होता. वन्संनी तो कणकेच्या डब्यामागून काढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मी मुलाकडे, निखिलकडे, सिडनीला राहायला आले. वन्सं त्याआधी तीस वर्षं इथेच होत्या. वेस्टमीडला एका मोठ्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होत्या. भावोजी वारले होते आणि मुलगी रेवा मेलबर्नला ट्रुगानिनात घर घेऊन राहिली होती. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्या ट्रेनने आमच्याकडे यायच्या. माझ्याशी गप्पा मारायला येत असतील असं मला वाटायचं. त्या यायच्या ते मला कामाला लावायला.

मी त्यांना लग्नाच्या आधीपासून ओळखत होते. गावात आमची घरं एकाच आळीत. मी लहान असताना त्यांचं लग्न झालं, आणि भावोजींनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'मीनाक्षी' असं लिहिलं ते मी बायकांच्या काखेखालून डोकावून वाचलं होतं. अक्षरओळख नवी होती, म्हणून मोठ्यानं वाचलं. सगळ्या हसल्या. पुढे मी त्यांच्याच माहेरी सून म्हणून गेले आणि त्या माझ्या वन्सं झाल्या. तेव्हापासून त्यांचं कुठलंच नाव मी तोंडानं घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत.

मोजणं हा त्यांचा स्वभाव होता. दुकानात गोळ्या पाच-पाचनं सरकवून मोजतात, तसे त्या माझ्या परातीतले मटारही बोटानं पाच-पाच सरकवत. "अहो वन्सं, उसळ करायचीय, कुणाला द्यायचे नाहीत," असं म्हटलं तर म्हणायच्या, "हाताला सवय असू दे. हात चुकला की माणूस मरतो." आणि लगेच, "तुला काय कळणार म्हणा, चौथी पास." हे त्या दर भेटीला एकदा तरी म्हणत. पण मला वही आणून दिली तीही त्यांनीच. "रोज एक पान लिही. कुणाला दाखवू नकोस हवं तर. पण तारीख घाल. तारीख नाही तो कागद नाही."

कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. लाइटचं बिल असो, शाळेची चिठ्ठी असो, लग्नपत्रिका असो, दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवायच्या नाहीत. निखिल चिडवायचा, "आत्या, पिझ्झाच्या बॉक्सवर पण सही करून देऊ का?" त्या हसत नसत. म्हणत, "हस तू. जे कागदावर आहे ते आहे. जे नाही ते नाही."

अशा वन्संनी साठी ओलांडल्यावर गांजाचं दुकान काढायचं ठरवलं.

गांजा हा शब्द त्या कुणाला बोलू देत नसत. औषध म्हणायचं. इथे डॉक्टरनं लिहून दिलं तर त्याचं तेल नाहीतर सुका फुलोरा औषध म्हणून मिळतो. दुखण्याला, झोपेला, कॅन्सरच्या उलट्यांना देतात. पण तशी चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसांना वन्संच्या दुकानाचे मालक काउंटरवर ताटकळत ठेवायचे. एकदा एक म्हातारा, हातपाय थरथरणारा, सकाळपासून तिसऱ्या दुकानात आला होता. मालकांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, हे नक्की तुमच्यासाठीच ना? तो चिठ्ठी उचलून निघून गेला. वन्सं त्या दिवशी शिफ्ट संपवून थेट आमच्याकडे आल्या आणि चहा घेताना म्हणाल्या, "शालू, फक्त हीच औषधं देणारं छोटं दुकान काढते मी. कुणाला मान खाली घालायला लागू नये असं."

हे खरंच होतं. पण आणखीही एक होतं. इथे औषधाच्या दुकानावर मालक फार्मासिस्टचं नाव लिहावं लागतं. तीस वर्षं त्या दुसऱ्याच्या नावाखाली उभ्या राहिल्या होत्या. स्टेशनजवळ एक गाळा बघितला तेव्हा त्या आत गेल्याच नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून वर, बोर्डाच्या जागेकडे बघत राहिल्या.

इथल्या मराठी मंडळात बातमी पसरायला एक भिशी पुरली. "मीनाक्षीताई, शोभतं का या वयात गांजा विकणं?" असं एकीनं सगळ्यांसमोर विचारलं. वन्सं म्हणाल्या, "तुझे सासरे महाशिवरात्रीला तांब्याभर भांग घेऊन अंगणात झोपायचे, तेव्हा त्यांना कुणी परवाना विचारला नाही. मी निदान विचारून तरी विकतेय." त्या बाईनं त्यानंतर आम्हाला बोलावलं नाही. वन्संना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण माझ्या ओळखीची दुसरी घरं नव्हती.

परवान्याचे अर्ज त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायच्या आणि भरताना मराठीतून मोठ्यानं बोलायच्या. औषधाची तिजोरी काँक्रीटमध्ये ठोकलेली पाहिजे. चावी कुणाकडे राहणार ते लिहा. दुकानात भागीदार कोण. तुमच्यावर कधी खटला झालाय का. आजवर तुम्हाला कुठल्या कुठल्या नावांनी ओळखलं गेलं. तिथे त्या थोडा वेळ थांबल्या. मग लिहिलं आणि पान उलटलं.

त्या नावापाशीच गाडी अडली. त्यांची डिग्री माहेरच्या नावाची, बाकी सगळं सासरच्या नावाचं. लग्नाचा दाखला कधी काढलाच नव्हता. पूर्वी मुंबईच्या वकिलाच्या कागदावर भागलं होतं, पण आता या औषधाचं नाव आलं म्हणून सगळं नव्यानं तपासत होते. परवान्याच्या ऑफिसनं कळवलं, या दोन्ही नावांची बाई एकच आहे असं शपथेवर सांगणारा, लग्नाआधीपासून ओळखणारा माणूस द्या. अख्ख्या ऑस्ट्रेलियात असं माणूस मी एकटी.

वन्संनी कागद टाइप करून निखिलकडे दिला. मला म्हणाल्या, "तुला काही बोलायचं नाही. जिथे बोट ठेवतील तिथे सही कर." इथे लायब्ररीत शनिवारी एक जे.पी., म्हणजे शपथेच्या कागदाला साक्षी राहणाऱ्या बाई बसतात, त्या फुकट सही-शिक्का करून देतात. वन्संची त्या दिवशी शिफ्ट होती. मी आणि निखिल गेलो. जे.पी. बाई भल्या होत्या. निखिलला म्हणाल्या, तुझ्या आईला तिच्या भाषेत सगळं वाचून दाखव, तिला समजलं पाहिजे. निखिलनं वाचलं. मी अमुक, यांच्या भावाची बायको. यांचं लग्नानंतरचं नाव मीनाक्षी. लग्नाआधीचं नाव विमल.

मी म्हटलं, "कोण विमल?"

"आत्याचं आधीचं नाव, आई."

"नाही रे. कुसुम. आळीत सगळे कुसुमच म्हणायचे. सासूबाई मरेपर्यंत कुसुम म्हणत होत्या."

जे.पी. बाईंनी विचारलं, काय म्हणतेय ती? निखिलनं सांगितलं. त्या माझ्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, तुला जे खरं माहीत आहे तेच लिहायचं, हा कायद्याचा कागद आहे. एवढं इंग्रजी मला कळलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी वन्संचं नाव घेतलं होतं आणि माझे कान तापले होते. तरी मी म्हटलं, "कुसुमच." निखिलला वाटलं, आत्याची टाइप करताना चूक झाली. त्यानं विमल खोडून कुसुम लिहिलं, मी बाजूला सही केली, बाईंनी शिक्का मारला. निखिलनं तिथूनच फोनवर फोटो काढून ऑफिसला पाठवून दिला.

आठवड्याभरात ऑफिसचं पत्र आलं. विमल कोण आणि कुसुम कोण? दिलेल्या मुदतीत शपथेवर खुलासा करा.

यात काय एवढं, असं सगळेच म्हणाले. निखिल म्हणाला, "आत्या, लिहून टाक ना, घरातलं लाडाचं नाव होतं. दोन ओळी. नो वरीज." रेवानं तर मेलबर्नहून लिहूनच पाठवलं, नुसती सही करायची होती. वन्संनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मुदत संपली तेव्हा तो पर्समध्येच होता. अर्ज बंद झाला. गाळा दुसऱ्यानं घेतला आणि तिथे अगदी तसलंच दुकान निघालं, वर कुणा भलत्याच फार्मासिस्टचं नाव.

मग सगळ्यांनी मिळून मला धारेवर धरलं. "आई, तू फक्त मान हलवायची होतीस गं," निखिल म्हणाला. रेवा फोनवर रडली. गणपतीच्या हॉलमध्ये प्रसाद घेताना मागून ऐकू आलं, "याच त्या. नणंदेचं नाव माहीत नाही!" यातलं बरंचसं वन्संच्या समोर झालं. एकदा आमच्याकडे जेवताना निखिलनं पुन्हा तो विषय काढला. वन्संनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "शालू, आमटी वाढ जरा." मी वाढली.

दोन वर्षं हे चाललं. आधी मी रोज स्वतःला शिव्या दिल्या. नंतर नंतर त्या येणार म्हटलं की मी मटार आधीच शिजवून टाकायचे. चौथी पास म्हणणं मात्र त्यांनी सोडलं होतं. ते सोडलं म्हणून मला जास्त लागायचं.

नोकरी सोडून त्या रेवाकडे कायमच्या निघाल्या तेव्हा मी सामान बांधायला गेले. दुपारची वेळ होती. मी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि त्या खोक्यांवर आत काय आहे ते लिहीत होत्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "विमल माझी मोठी बहीण. तू जन्मायच्या आधी तापानं गेली. शाळेत तिचं नाव घातलेलं होतं. मास्तर म्हणाले, नाव आहे तर धाकटीला बसवा, वर्ष वाचेल. आप्पांनी बसवलं. जन्मतारीख तिची, नाव तिचं. पुढची सगळी सर्टिफिकिटं तिचीच."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी म्हटलं, "मग मी खरं बोलले होते."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं मी काय सांगणार. मग मला का पाठवलंत?"

"मला वाटलं, तू नाव घेणार नाहीस. तू कधी घेतलंस?"

"आणि लाडाचं नाव म्हणून लिहायचं होतंत ना. सगळे सांगत होते."

वन्संनी पेनचं टोपण लावलं. "लिहायला बसले होते. विमलच्या नावावर सगळा जन्म काढला, कधी काही वाटलं नाही. पण आईनं ठेवलेलं माझं नाव नुसतं लाडाचं होतं, असं शपथेवर लिहायला हात उचलेना."

"मला दोन वर्षं सगळे बोलत होते, वन्सं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रेवाला कळायला नको. ती म्हणेल डिग्रीच खोटी." आणि त्यांनी पुढचं खोकं ओढलं. माफी मागितली नाही. मी उरलेली पातेली बांधली. दुसरं काय करणार होते?

वर्षभरात त्या गेल्या. ट्रुगानिनात रेवाच्या घरी तेराव्याला बरीच माणसं जमली होती. एकेकानं वन्संच्या आठवणी सांगितल्या, औषधांच्या डब्यांच्याही सांगितल्या, सगळे हसले. मग कुणीतरी दुकानाचा विषय काढला आणि क्षणभर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. रेवा उठून माझ्याजवळ आली, मला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इट्स ओके, मामी. तुला माहीत नव्हतं."

वन्सं फोटोत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हो गं," मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."